एका पोलीसपत्राची गोष्ट



दोन सरकारांमध्ये कायद्याच्या कामी जे परस्परसाहाय्य चालते, त्यातील गोपनीयता आणि न्याय, हा विषय मी व्याख्यानमालेच्या चालकांना कळविला, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर किंचित चिंता दिसली. त्यांचे चुकले नाही. वैशाखाचा उकाडा, दिवसभर कामाने शिणलेली माणसे, गोदावरीवरून येणारी संध्याकाळची झुळूक. अशा वेळी श्रोत्यांपुढे तह आणि कलमे घेऊन बसायचे म्हणजे न्यायावरील व्याख्यानाचा आरंभच अन्यायाने करण्यासारखे आहे. परंतु मी त्यांना म्हटले, दुसऱ्या कोणत्याही गावी हा विषय कोरडा ठरेल, नाशिकला नाही. कारण या विषयावर युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना जी प्रकरणे शिकवितात त्यांत एक नाव आपल्या भगूरचे आहे. ‘सावरकर प्रकरण’ म्हणून ते आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत ओळखले जाते.

सावरकरांचे चरित्र सांगावयास मी उभा नाही. ते तुम्हांला माझ्याहून अधिक पाठ आहे. त्यांच्या मतांविषयीही आज बोलणार नाही. या पटांगणात त्या मतांचे भक्त असतील तसे टीकाकारही असतील, आणि दोघांनाही मी जे सांगणार आहे ते ऐकता येण्यासारखे आहे. मला बोलावयाचे आहे ते एका पत्राविषयी. हे पत्र २९ जून १९१० रोजी लंडनच्या पोलीसप्रमुखाने पॅरिसच्या पोलीसखात्याच्या संचालकाला लिहिले. ते कोणत्याही न्यायालयाने लिहावयास सांगितले नव्हते, कोणत्याही तहाच्या कलमाखाली लिहिलेले नव्हते, आणि ज्याच्याविषयी ते होते त्याला त्याची वार्ताही नव्हती. तरी त्या पत्राने त्या माणसाचे पुढचे आयुष्य ठरविले.

पत्रापर्यंत पोहोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री, येथून हाकेच्या अंतरावर, विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला तो निरोपाचा प्रयोग. अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने तेथे जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता, गावात त्याच्याविषयी बरे बोलणारेही होते. आणि त्याच जॅक्सनच्या अंमलात बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी गाळू नये. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. वापरलेले पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे. तशी २० पिस्तुले लंडनच्या इंडिया हाउसमधील चतुर्भुज अमीन या आचाऱ्याबरोबर हिंदुस्थानात आली, आणि ती सावरकरांनी पाठविली, असे सरकारचे म्हणणे होते. हा आचारी पुढे माफीचा साक्षीदार झाला.

सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर १३ मार्च १९१० रोजी पकडले. पकडले ते १८८१ च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली. येथे क्षणभर थांबावयास हवे, कारण सारी मेख येथे आहे. इंग्लंडात तेव्हा दोन कायदे होते. गुन्हेगार परदेशी सरकारला द्यावयाचा असेल तर १८७० चा प्रत्यर्पणाचा कायदा. त्यात राजकीय अपराध्याला परत देऊ नये असे स्पष्ट बंधन. परंतु माणूस साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पाठवायचा असेल तर १८८१ चा कायदा. त्यात हे बंधन नाही. एकाच वाड्याच्या ओटीवरून माजघरात न्यावयाचे, त्यात विचारावयाचे काय, अशी त्यामागची कल्पना. ती कल्पना वाड्याच्या मालकाला सोयीची होती.

इंग्रज न्यायालये आश्रयाच्या तत्त्वाला अपरिचित होती असे मात्र नाही. स्वित्झर्लंडच्या टिसिनो प्रांतात १८९० साली उठाव झाला, त्यात तेथल्या सरकारचा एक सदस्य गोळी लागून मेला. गोळी झाडणारा कास्तिओनी लंडनला पळून आला. स्विस सरकारने त्याला मागितले. इंग्रज न्यायाधीशांनी सांगितले की ही हत्या राजकीय उठावाचा भाग आहे, याला परत देता येत नाही. तेव्हा ज्या लंडनमध्ये कास्तिओनी सुटला त्याच लंडनमध्ये, वीस वर्षेही झाली नाहीत तोच, सावरकरांना तो प्रश्न विचारण्याचीदेखील सोय नव्हती, कारण ते परके नव्हते, प्रजानन होते. परका असण्यात जेवढे संरक्षण होते तेवढे प्रजानन असण्यात नव्हते!

त्यांच्या वकिलांनी एवढेच म्हणता येण्यासारखे होते की या माणसाची बहुतेक कृत्ये इंग्लंडात घडली असे तुम्हीच म्हणता, तर चौकशीही इंग्लंडात, ज्यूरीपुढे करा. हिंदुस्थानात पाठविणे अन्यायाचे होईल. अपीलाच्या न्यायालयापर्यंत हे म्हणणे गेले आणि जून १९१० मध्ये ते फेटाळले गेले. १ जुलैला पी. अँड ओ. कंपनीची ‘मोरिया’ बोट त्यांना घेऊन निघाली.

ही बोट वाटेत मार्सेलिसला थांबणार होती. मार्सेलिस फ्रान्समध्ये, आणि फ्रान्स म्हणजे साम्राज्याचे माजघर नव्हे. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात १८७६ चा प्रत्यर्पणाचा तह होता आणि राजकीय अपराध्याला द्यावयाचे नाही ही अट त्यात होती. म्हणजे लंडनमध्ये जो प्रश्न विचारावयास बंदी तो प्रश्न मार्सेलिसच्या धक्क्यावर पाय टेकताच जिवंत होणार होता. फ्रेंच न्यायालयाने त्याचे उत्तर काय दिले असते हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. खुनाला साहाय्य केल्याचा आरोप होता, शस्त्रे पाठविल्याचा होता. कदाचित फ्रेंच न्यायाधीश म्हणाले असते की हा राजकीय अपराध नव्हे. पण त्यांना म्हणावे तरी लागले असते, आणि तेही उघड न्यायालयात, आरोपीचे ऐकून.

आता ते पत्र. लंडनच्या पोलीसप्रमुखाने कळविले की सावरकर नावाचा हिंदी प्रजानन खुनाला साहाय्य वगैरे आरोपांसाठी हिंदुस्थानात रवाना होत आहे, बोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल. यावरून ४ जुलैला फ्रान्सच्या गृहखात्याने मार्सेलिसच्या प्रीफेक्टला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याला, तार केली. युरोपात असलेले काही हिंदी क्रांतिकारक या संधीचा फायदा घेऊन त्याच्या पलायनाला मदत करतील, तरी तसा प्रयत्न होऊ नये अशी तजवीज ठेवावी, असा त्या तारेचा आशय होता. बोट लागताच एक फ्रेंच पोलीस अधिकारी बोटीवर गेला, पहाऱ्याच्या बाबतीत कप्तानाच्या दिमतीला उभा राहिला, आणि कैदी ज्याच्या ताब्यात होता त्या ब्रिटिश अधिकाऱ्याशी त्याची गाठ घालून देण्यात आली. इगतपुरीच्या फौजदाराने नाशिकच्या फौजदाराला चिठ्ठी लिहावी आणि नाशिकच्याने स्टेशनवर दोन शिपाई उभे करावे, इतक्या सहजपणे हे झाले. फरक एवढाच की इगतपुरी आणि नाशिक एकाच कायद्याखाली आहेत. दोन राष्ट्रांमध्ये कायद्याची भिंत असते. भिंतीत दरवाजा असतो, त्याला तह म्हणतात. दरवाजावर न्यायाधीश बसलेला असतो. ही चिठ्ठी दरवाजातून न जाता भिंतीखालून गेली.

८ जुलैची सकाळ, सहा ते सातची वेळ. पुढची हकीगत आपल्याकडे पोवाड्यांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून इतकी रंगली आहे की लवादापुढचे कागद वाचताना माणूस थोडा खट्टू होतो. अथांग सागर, मैलोगणती पोहणे, भोवती सणसणणाऱ्या गोळ्या, यांतले तेथे काही नाही. बोट धक्क्याजवळ होती. तिच्यावरून किनाऱ्यावर उतरावयाची फळी टाकलेली होती. सावरकर गवाक्षातून बाहेर पडले, समुद्रात उडी घेतली, पोहून धक्क्याला लागले आणि धावू लागले. अंगावर जवळजवळ वस्त्र नव्हते. बोटीवरची माणसे ओरडत फळीवरून उतरली, धक्क्यावरचे लोकही ‘धरा, धरा’ करू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांचा एक ब्रिगेडियर मागे लागला. (ब्रिगेडियर या शब्दाने फसू नका, आपल्या भाषेत सांगावयाचे तर हवालदाराच्या जवळपासचा माणूस.) सुमारे ५०० मीटर धावल्यावर त्याने त्यांना गाठले, दंडाला धरले आणि बोटीवर परत नेले. बोटीवरचा एक खलाशी आणि दोन हिंदी पोलीस मागाहून येऊन मिळाले होते. ब्रिगेडियरला इंग्रजी येत नव्हते. आपण कोणाला धरले हे मला ठाऊक नव्हते, बोटीवर काही गुन्हा करून पळणारा खलाशी असेल असे वाटले, असे त्याने मागाहून सांगितले. सारे काही थोड्या मिनिटांत आटोपले.

मला स्वतःला उडीपेक्षा ते ५०० मीटर मोठे वाटतात. उडी शौर्याची, पण कायद्याच्या दृष्टीने समुद्रातला माणूस आणि बोटीवरला माणूस यांत फारसे अंतर नाही. धक्क्यावर पाय टेकला त्या क्षणापासून मात्र सावरकर फ्रान्सच्या भूमीवर, फ्रान्सच्या कायद्याखाली होते. त्या ५०० मीटरांवर जगातल्या कोणत्याही ब्रिटिश अधिकाऱ्याला त्यांच्या केसालाही हात लावण्याचा अधिकार नव्हता. आणि हात लावला तो फ्रेंच माणसानेच.

९ जुलैला सकाळी ‘मोरिया’ निघून गेली. त्याच ९ जुलैच्या तारखेचे पॅरिसच्या पोलीस संचालकाचे लंडनला उत्तर आहे. सावरकर नामक इसमाच्या मार्सेलिस येथील मुक्कामात कोणताही प्रकार घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत, असे ते कळविते. प्रकार घडून एक दिवस झाला होता! हे उत्तर वाचून मला हसू आले, आणि मग वाटले की सरकारी कारभारातली सगळी गोपनीय पत्रे जर अशी उघडी झाली तर जगाचे निम्मे गांभीर्य गळून पडेल.

मग फ्रान्समध्ये गवगवा झाला. समाजवादी पत्रांनी विषय उचलला; मादाम कामा पॅरिसमध्ये होत्या, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने लेखणी उचलली. फ्रेंच सरकारने सावरकरांना परत मागितले. ब्रिटनने नकार दिला. ऑक्टोबर १९१० मध्ये दोघांनी करार करून प्रश्न हेगच्या लवादाकडे सोपविला: सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन करावे की करू नये? लवादात पाच जण होते. अध्यक्ष बेल्जमचे बेर्नार्ट, एक फ्रेंच, एक इंग्रज, एक नॉर्वेचा आणि एक हॉलंडचा. यांपैकी बेर्नार्ट आणि फ्रान्सचे रनो हे दोघे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. थोर माणसे होती यात शंका नाही. त्यांच्यापुढे फ्रान्स बोलला, ब्रिटन बोलला. ज्याला परत द्यावयाचे की नाही हा प्रश्न, तो तेव्हा मुंबई इलाख्याच्या तुरुंगात होता, आणि त्याला बोलावण्याची कल्पनाच त्या काळच्या कायद्यात बसत नव्हती. दोन शेजाऱ्यांमध्ये एका गाईवरून तंटा व्हावा आणि गाईला कोणी काही विचारू नये, तसे ते होते.

फ्रान्सची बाजू वरकरणी बळकट होती. आमच्या भूमीवर आलेला माणूस, आमच्या न्यायाधीशापुढे न आणता, एका हवालदाराच्या अज्ञानाने परत गेला. ही हवालगी बेकायदा, म्हणून माणूस परत द्या. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा झाला. तो ब्रिटनच्या बाजूने झाला, आणि तो झाला त्या खाजगी पत्रांच्या जोरावर. लवादाने पत्रे पुढे ठेवली आणि म्हटले: येथे कोणी बळजबरी केली नाही, कपट केले नाही. तुमच्याच पोलिसांनी साहाय्याचा शब्द दिला होता, तुमचाच अधिकारी बोटीवर पहाऱ्यासाठी हजर होता. तेव्हा ब्रिटिश पोलिसांनी तुमच्या साहाय्यावर विसंबावे हे साहजिकच. ब्रिगेडियरने केले ते चूक होते असे त्याच्या वरिष्ठांनी ९ जुलैच्या सकाळपर्यंत, बोट निघेपर्यंत, सांगितले नाही. धरून परत देण्यात अनियमितपणा झाला हे खरे. पण परदेशी अधिकाऱ्याच्या चुकीने हाती आलेला कैदी परत दिलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही.

मंडळी, हा निवाडा पक्षपाती म्हणून शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि आपल्याकडे पुष्कळांनी तसे केलेही आहे. मला तो तसा वाटत नाही. फ्रान्स आणि ब्रिटन एवढेच पक्षकार धरले तर तो बराचसा तर्कशुद्ध आहे. आदल्या आठवड्यात मदतीचा हात पुढे करायचा आणि नंतर त्याच मदतीने परत गेलेला माणूस मागायचा, हे शेजारधर्मात बसत नाही. दोष निवाड्यापेक्षा खोल आहे. विचार करा: फ्रान्सच्या वतीने साहाय्याचा शब्द कोणी दिला? निवाड्यात नमूद असलेला सारा पत्रव्यवहार पोलीस, गृहखाते आणि प्रीफेक्ट यांच्यातला आहे. आश्रय द्यावा की न द्यावा हे ठरविण्याचा अधिकार यांपैकी एकालाही नव्हता. परंतु पत्र खाजगी असल्यामुळे ज्यांना अधिकार होता त्यांच्या कानी ते पडावयाच्या आत काम होऊन गेले. आणि वरिष्ठांचे जे एका दिवसाचे मौन होते ते संमती म्हणून मोजले गेले. पत्र गुप्त होते तोवर त्याने कैद्याचा हक्क नाहीसा केला, आणि उघड झाले तेव्हा फ्रान्सचा. दोन्ही वेळा कैद्याला त्याविषयी एक अवाक्षर बोलता आले नाही.

येथे कोणी म्हणेल, अहो, मग पोलिसांनी एकमेकांना पत्रेच लिहू नयेत काय? अवश्य लिहावीत. गोपनीयतेचा मी विरोधक नाही. चोराचा माग परदेशी पोलिसांना विचारावयाचा तर तो वर्तमानपत्रात छापून कसा चालेल? पेढीतला पैसा परदेशी पेढीत गेला असेल तर खातेदाराला आधी कळवून मग खाते तपासणे म्हणजे त्याला खाते रिकामे करावयास सवड देणे. साक्षीदाराचे नाव फुटले तर त्याच्या जिवाचे काय? संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली असल्या साहाय्याच्या करारांचा जो नमुना तयार केला त्यात म्हणूनच गोपनीयतेचे कलम आहे: मागणाऱ्याने सांगितले तर विनंती गुप्त ठेवावी; गुप्त ठेवून ती पार पाडता येत नसेल तर तसे आधी कळवावे, म्हणजे पुढे जायचे की नाही हे मागणारा ठरवील; आणि मिळालेला पुरावा विचारल्याखेरीज दुसऱ्या कामी वापरू नये. ही चांगली कलमे आहेत. शेवटचे तर फारच चांगले, कारण ते देणाऱ्याच्या विश्वासाचे रक्षण करते.

पण शोध वेगळा आणि स्वाधीन करणे वेगळे. कोठे काय दडले आहे हे शोधताना गुप्तता असावी. माणूस एका राज्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हा ती असू नये. त्या क्षणी कोणाच्या हुकमाने, कोणत्या तहाखाली, कोणत्या आरोपासाठी, हे लिहिलेले असले पाहिजे आणि त्या माणसाला ते वाचता आले पाहिजे. २९ जूनच्या पत्राचा अपराध ते गुप्त होते हा नव्हे. शोधापुरते शोभणारे पत्र स्वाधीन करण्याच्या कामी वापरले गेले, हा आहे.

आणि इकडे मुंबईत काय चालले होते? २२ जुलै १९१० ला सावरकर मुंबईस उतरले. १९०८ च्या खास कायद्याखाली तीन न्यायाधीशांचे न्यायासन नेमले होते. ज्यूरी नाही, अपील नाही. सरन्यायाधीश स्कॉट, चंदावरकर आणि हीटन हे ते तिघे. हेगचा तंटा चालू आहे, ज्या अटकेचा तंटा आहे त्याच अटकेने हा आरोपी तुमच्यापुढे आला आहे, हा आक्षेप बचावाच्या वकिलांनी घेतला. जोसेफ बॅप्टिस्टा त्यांच्यात होते. न्यायासनाने उत्तर दिले की आरोपी येथे कसा आला हे आम्ही पाहत नाही. तो येथे आहे आणि त्याच्यावर आरोप आहे, एवढे आम्हांला पुरे. हे मत त्यांनी नव्याने काढलेले नव्हे. १८२९ पासून इंग्रज न्यायालये तेच म्हणत आली होती: पकडले कसेही असो, पकडला तो पकडला. डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप झाली, ३० जानेवारी १९११ ला दुसरी. हेगच्या लवादापुढे तोंडी सुनावणी सुरू झाली ती त्यानंतर, फेब्रुवारीच्या मध्याला. ज्याला परत द्यावे की नाही याचा विचार चालू होता त्याला विचार सुरू होण्याआधीच ५० वर्षांची शिक्षा लागलेली होती. अंदमानला ते पोहोचले ४ जुलै १९११ रोजी. मार्सेलिसच्या प्रीफेक्टला तार गेली त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले.

‘कसा आला ते पाहत नाही’ हे सूत्र इंग्रजी कायद्यात पुढे पुष्कळ वर्षे नांदले. १९९३ मध्ये मात्र इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, ते मोडले. बेनेट नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाला दक्षिण आफ्रिकेतून प्रत्यर्पणाचा मार्ग टाळून, पोलिसापोलिसांच्या संगनमताने लंडनला आणले, असा त्याचा आरोप होता. लॉर्डांनी सांगितले की असे खरेच घडले असेल तर न्यायालयाने खटला चालविण्यास नकार द्यावा. तहाचा दरवाजा असताना भिंतीखालून आणलेल्या माणसाचा न्याय करणे म्हणजे त्या बिळाला न्यायालयाची संमती देणे होय. अर्थात जगाने हे एकमुखाने मानले असे नाही. आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेक्सिकोतून पळवून आणलेल्या एका डॉक्टरच्या बाबतीत नेमके उलटे सांगितले होते.

आपला १९६२ चा प्रत्यर्पण कायदा सावरकर प्रकरणानंतर अर्ध्या शतकाने आला. त्यात दरवाजा आहे आणि दरवाजावर दंडाधिकारी आहे. परदेशाने मागितलेल्या माणसाची चौकशी त्याच्यापुढे होते; त्या माणसाला आपला अपराध राजकीय आहे असे तेथे म्हणता येते, पुरावा देता येतो. परंतु प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की याच कायद्याच्या परिशिष्टात राजकीय मानू नयेत अशा अपराधांची यादी आहे आणि खून त्या यादीत आहे. ब्रिटनशी आपला १९९२ चा जो करार आहे त्यातही तशीच तरतूद आहे. तेव्हा आजच्या आपल्याच कायद्यापुढे १९१० चे आरोपपत्र ठेवले तर आश्रय मिळेलच असे मुळीच नाही. सुनावणी मात्र मिळेल. आणखी एक उणीव जाता जाता सांगतो. पुरावा मिळविण्याचे हे करार सरकारांचे असतात. भारत आणि अमेरिका यांच्यातील २००१ च्या करारात तर स्वच्छ लिहिले आहे की यातून कोणा खाजगी माणसाला पुरावा मिळविण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. म्हणजे फिर्यादीला परदेशातला कागद एका विनंतीने येतो. आपल्याला निर्दोष ठरविणारा कागद परदेशात आहे असे म्हणणाऱ्या आरोपीला ती वाट नाही. याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. इतका वेळ मी ज्याच्या हक्काविषयी बोललो त्याच्याविषयी येथे बहुतेकांच्या मनात आदर आहे, म्हणून माझे म्हणणे तुम्हांला गोड लागले. आता दुसरा माणूस घ्या. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बाँबस्फोट झाले, २५७ माणसे मेली. त्या प्रकरणातला अबू सालेम २००२ च्या सप्टेंबरात लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. तेव्हा १७ डिसेंबर २००२ रोजी भारताचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी पोर्तुगालला लेखी आश्वासन दिले की याला फाशी देणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक तुरुंगात ठेवणार नाही. तेथल्या न्यायालयांत पायरीपायरीने चौकशी झाली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या हवाली झाला. येथे आल्यावर त्याच्यावर काही जादा आरोप ठेवले. त्याने पोर्तुगालच्या न्यायालयाकडे तक्रार केली: ज्या आरोपांसाठी मला दिले त्यांहून अधिक लावले. २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने तक्रार मान्य केली, आणि २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने काही आरोप मागे घ्यावे लागले.

पुढे २०१७ मध्ये त्याला बाँबस्फोटांच्या खटल्यात जन्मठेप झाली आणि प्रश्न आला: जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत की २५ वर्षे? पुष्कळांना राग आला. २५७ माणसांच्या रक्ताला २५ वर्षांची किंमत? तो राग मला समजतो. आपल्यापैकी कोणाचे आप्त त्या दिवशी मुंबईत गेले असतील. पण जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यायालयाने कायद्याप्रमाणे शिक्षा दिली ती योग्यच. मात्र सरकारने दुसऱ्या राष्ट्राला शब्द दिला आहे, तेव्हा २५ वर्षे भरली की राष्ट्रपतींना तसा सल्ला देणे सरकारला भाग आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून ती वर्षे मोजायची आहेत.

हा शब्द पाळला जाऊ शकतो तो का? सालेमवर कोणाला दया आली म्हणून नव्हे. तो शब्द लिहिलेला होता, सही करणाऱ्याला अधिकार होता, दोन देशांच्या न्यायालयांत तो मोठ्याने वाचला गेला, आणि ज्याच्याविषयी होता त्याला तो ठाऊक होता. २९ जूनच्या पत्रापाशी यांपैकी एकही गोष्ट नव्हती. उलट कल्पना करून पाहा: हेच आश्वासन दोन पोलीस अधिकाऱ्यांनी कानात कुजबुजून दिले असते, तर माणूस हाती आल्यावर आपण ते पाळले असते का? मी तर म्हणेन, नाही. आणि पुढच्या वेळी आपला गुन्हेगार पोर्तुगालमध्ये सापडला असता तर तेथल्या न्यायाधीशाने आपल्याला दारातूनच परत पाठविले असते.

२०२४ साली अबू सालेमला तळोज्याहून आपल्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आणले. भगूरला जाणाऱ्या गाडीत बसले की ते वाटेवरच लागते. वेळ झाली आहे, अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, ते मी दोन्ही वेळा पाहिले. कोणाला काही विचारावयाचे असेल तर खाली पायऱ्यांपाशी थांबतो.